मागून येऊन राह्यला

मामा, उद्या संध्याकाळी किन्हीराजाच्या विहारात तुमचा पिक्चर पुन्हा लावायचा आहे, आणि या खेपेला माइक माझ्या हातात असेल. मला भीती वाटते आहे. भीतीचे शरीरशास्त्र मला ठाऊक आहे. कोणती ग्रंथी काय सोडते, हृदयाचे ठोके का वाढतात, तळहात का ओले होतात, हे मी विद्यार्थ्यांना शिकवतेसुद्धा. आज दुपारी त्या ज्ञानाचा काहीही उपयोग होत नाही. उद्या पहिल्या रांगेत तुमची नात मैत्री बसेल. चित्रपटाच्या शेवटी तो मुलगा पुलाअलीकडे एकटा उरेल, तेव्हा मी जे वाक्य बोलेन, त्यावरून ही आठ वर्षांची मुलगी ठरवणार आहे, की मोठ्या माणसांच्या बोलण्यावर यापुढे विश्वास ठेवायचा की नाही.

चित्रपट कसा होता हे तुम्हाला सांगण्याची गरज नाही. तरीही मी तो पुन्हा मांडते, कारण ज्या गोष्टीची धास्ती वाटते ती आधी सुटी करून पाहावी, अशी मला सवय आहे. कुठल्याशा डोंगराळ देशातले युद्ध. पावाची गाडी चालवणारा एक माणूस, ना सैनिक, ना पुढारी. शहरावर गोळे पडू लागतात त्या दिवशीही तो नेहमीप्रमाणे अनाथाश्रमात पाव टाकायला जातो आणि पाहतो तर मोठी माणसे पळून गेलेली, मुले तेवढी उरलेली. तो पावाचे क्रेट रस्त्यावर फेकतो आणि त्या जागी मुले भरतो. पूल ओलांडून त्यांना पलीकडे सोडतो, परत येतो, पुन्हा भरतो. अखेरच्या खेपेला गाडीत जागा उरत नाही. एक मुलगा खाली उभा राहतो. मी परत येतो, असे ड्रायव्हर त्याला सांगतो. गाडी पलीकडे पोचते आणि मागे पूल उडतो. मुलगा एका रिकाम्या क्रेटवर बसून रस्त्याकडे पाहत राहतो. तिथे चित्रपट संपतो.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत मी तो तुम्हाला माझ्या लॅपटॉपवर दाखवला होता. भाषा परकी, खाली इंग्रजी अक्षरे. मी वाचून सांगत होते, आणि एस.टी.तून निवृत्त झालेले तुम्ही त्या ड्रायव्हरच्या चुका काढत होता.

"याले ड्रायव्हर कोणं केलं वं? चढावर तिसऱ्यात टाकून राह्यला."

"मामा, बॉम्ब पडताहेत."

"बॉम्ब पडो का गारा पडो, चढ तं चढच हाये ना."

पुढे पुढे तुमचे बोलणे थांबले. शेवटी लॅपटॉप तुम्हीच मिटला. मामी चहा घेऊन आल्या आणि त्यांनी विचारले, तेव्हा डोळ्यात कचरा गेला वगैरे न म्हणता तुम्ही सरळ सांगितले, "रडून राह्यलो." मामी म्हणाल्या, "माह्या बापाच्या मरणाले नाही रडले इतके." तुम्ही म्हणालात, "तुह्या बापानं गाडी कवा चालोली?" आणि मग आम्ही तिघेही हसलो.

दुसऱ्या दिवशी तुम्ही ठरवून टाकले होते. "हे गावाले दाखवा लागते." का, हे मी विचारले. विहाराच्या ओट्यावर मुले मोबाइलवर युद्धाच्या चित्रफिती पाहत बसत, आणि एखादी इमारत कोसळली की "उडोला! उडोला!" असा कल्ला होई. तो तुम्हाला कित्येक दिवस बोचत होता. तुम्ही म्हणालात, "हे लेकरं सारं वरून पाह्यतेत. वरून माणूस मुंगीएवढा दिसते. एक डाव गाडीत बसून पाहू द्या त्याईले." आकाशातून घेतलेले दृश्य आणि जमिनीवरून घेतलेले दृश्य यांतला हा फरक मी कधी शब्दांत मांडला नव्हता. तुम्हाला तो सहज, पेपर वाचता वाचता सुचला होता.

अडचण इंग्रजी अक्षरांची होती. मी म्हटले, मी माइकवरून मराठीत सांगेन. तुम्ही ते फेटाळले. "तुही मराठी पुस्तकातली. लोक झोपतीन." मग तोडगा निघाला. मी वाचून तुमच्या कानात कुजबुजायचे आणि तुम्ही ते वऱ्हाडीत माइकवर बोलायचे. खिडक्यांना घोंगड्या लावल्या, भिंतीवर पांढरी चादर ताणली, आणि तुम्ही एकट्याने त्या परक्या देशाच्या तोंडी आपली बोली घातली. नाक्यावरच्या शिपायाला ड्रायव्हर म्हणाला, "ओ सायेब, पाव हायेत पाव, खोलून पाहता काय?" तेव्हा सारा विहार हसला आणि त्याच क्षणी गाडीत दाटीवाटीने बसलेल्या मुलांच्या भीतीने गप्पही झाला. हसू आणि भीती एकाच श्वासात मावतात, हे मी तिथे प्रथम पाहिले.

मग तो प्रसंग आला. मी तुमच्या कानात म्हटले, "मागे राहिला."

तुम्ही क्षणभर थांबलात आणि माइकवर म्हणालात, "मागून येऊन राह्यला!"

आपल्या बोलीची ही करामत मला शाळेपासून परिचित आहे. नुसते 'राह्यला' म्हटले, तर माणूस सुटला, उरला, मागे पडला. त्याच्याआधी 'येऊन' लावले, की तोच माणूस चालू लागतो, वाटेवर असतो, आता पोचेलच. एका शब्दाने तुम्ही त्या मुलाला उठवून गाडीमागे धाडले. पडद्यावर तो क्रेटवर बसलेलाच होता, पण कोणी त्याच्याकडे पाहिले नाही, सगळ्यांनी तुमचे ऐकले. विहारभर सुटकेचा श्वास पसरला. एक म्हातारी मोठ्याने म्हणाली, "येऊ दे बापा, येऊ दे."

घरी जाताना आपले भांडण झाले.

"मामा, तो येत नाही. तो मागे राहिला."

"मंग मी काय म्हणलं? राह्यलाच म्हणलं ना."

"तुम्ही 'येऊन' लावलंत."

"लागलं असन. इंजिनाकडचा कान हाये हा माह्या. तू कायले याच बाजूनं बसली?"

त्या वादाचा निकाल कधी लागला नाही. फोनवर मी तो पुनःपुन्हा उकरला. एक शक्यता अशी, की तुम्हाला खरोखर नीट ऐकू आले नाही. लॅपटॉपची वायर आखूड होती म्हणून मी तुमच्या डाव्या बाजूला बसले होते, आणि एस.टी.चे इंजिन आयुष्यभर त्याच कानाशी घरघरले होते. दुसरी शक्यता अशी, की तुम्ही जाणूनबुजून खोटे बोललात. त्याआधीचे एकही वाक्य तुम्ही चुकला नव्हता, आणि बोलण्यापूर्वी थांबला होता. मी पुरावे मांडत असे, आणि तुम्ही दरवेळी तेच म्हणायचात, "डॉक्टरीणबाई, गोळी द्या काहीतरी, डोकं दुखोलं तुमी." गावात माझी ओळखही तुम्ही तशीच करून देत होता. आमची डॉक्टरीण, फक्त गोळ्या देत नाही.

तिसरी शक्यता मला तुमच्या माघारी सुचली. लहानपणी सुट्टीत मी तुमच्या गाडीत, बॉनेटच्या शेजारी बसून वाशिमकडच्या मालेगावपर्यंत येत असे. शेलूबाजारला एक पाय पायरीवर आणि एक रस्त्यावर ठेवून कोणीतरी बाई गाडी अडवून धरायचीच. "थांब ना रे बापा, बुढा येऊन राह्यला."

"येऊन राह्यला का चहा पिऊन राह्यला?"

"चहा पिऊन राह्यला, पण येऊन राह्यला!"

सगळी गाडी हसे, कंडक्टर घंटीला हात घालून कुरकुरे, आणि तुमचा पाय ब्रेकवरच राही. त्या वाक्यात गाडी थांबवण्याची ताकद होती. कोणी येऊन राह्यला असे एकदा कानावर पडले, की तुम्ही त्याला सोडून निघाला नाहीत. तेव्हा कदाचित तुम्हाला ऐकूही आले होते आणि तुम्ही खोटेही बोलला नव्हता. तुम्ही फक्त त्या पावाच्या ड्रायव्हरला ओरडून सांगत होता, की थांब. हे तुम्हाला विचारायचे होते. आता कोणाला विचारू?

त्या सकाळी तुमच्या छातीत दुखू लागले, आणि शेजाऱ्यांच्या जीपने तुम्हाला वाशिमला नेले. दारात मैत्री उभी होती. तिचे आईबाबा कामासाठी पुण्यात, त्यामुळे तिचे घर म्हणजे तुम्ही आणि मामी. "येतो वं माय," असे तुम्ही तिला म्हणालात. निघताना 'जातो' म्हणू नये, 'येतो' म्हणावे, हे आपल्याकडे मूल चालायला लागण्याआधी शिकवतात. दुपारी फोन आला. मामी फोन हातात धरून बसून राहिल्या. मैत्रीने विचारले, आबा कुठे आहेत? मामींच्या तोंडून जे निघाले ते निघाले. "येऊन राह्यले."

मामा, व्याकरणाने ते वाक्य अचूक होते. गाडी वाशिमहून निघाली होती. तुम्ही वाटेवर होता.

मैत्रीने स्टीलचा पेला घासला, माठातले पाणी भरले आणि ओट्यावर येऊन बसली, कारण प्रवासातून आलेल्या माणसाला आधी पाणी द्यायचे हे तुम्हीच तिला शिकवले होते. मी नागपूरहून पोचले तेव्हा अंगण पांढऱ्या कपड्यांनी भरले होते, आणि त्या गर्दीत माणसांच्या गुडघ्यांच्या उंचीवर तो पेला धरून ती अजून उभी होती. पाणी सांडू नये म्हणून तिने दोन्ही हात लावले होते. कोणी तिला काही सांगितले नाही. त्या दिवशी नाही, आणि नंतरही नाही. त्रिशरण झाले, सगळे विधी झाले, तिचे आईबाबा येऊन पुण्याला परतले, येणाऱ्याजाणाऱ्यांनी तिच्या डोक्यावरून हात फिरवले. 'आबा गेले' असे बायका आपापसांत म्हणत. पण 'गेले' हाही कसला शब्द? मालेगावला गेले, बाजाराला गेले, गेलेला माणूस तर येतोच.

तेव्हापासून घरातून कोणी निघाले, की मैत्री त्याचा रस्ता अडवते. काल दूधवाला म्हणाला, "येतो वं बाई."

"कवा?"

"उद्या."

"पक्कं?"

"पक्कं ना. म्हैस दूध देईन तं मी येईन."

"अन् म्हैस मेली तं?"

तो हसला. मला हसू आले नाही. ती प्रत्येकाची अशी उलटतपासणी घेते आणि उत्तर मिळाले तरी तिचा चेहरा सैल पडत नाही. मामींच्या पदराचे टोक ती झोपेतही सोडत नाही. परवा मी औषध आणायला मालेगावला निघाले, तर तिने माझ्या चपला कुठेतरी दडवल्या. त्या मी शोधल्या नाहीत, मामींच्या घालून गेले. बसमध्ये सारा वेळ मला वाटत राहिले, की मी परतेपर्यंत काहीतरी होईल. तिची भीती मला लागली आहे. फोन वाजला, की मी आधी तो कोणाचा हे पाहत नाही, मैत्री कुठे आहे ते पाहते. सोमवारी मला प्रयोगशाळेत परतायचे आहे. माझे काम, माझी स्वप्ने, पुढची परदेशाची तयारी, सगळे तिथे थांबले आहे, आणि या दारातून कोणता शब्द उच्चारून बाहेर पडायचे हेच मला माहीत नाही.

त्यात विहारातले काका आले. म्हणाले, "पोरी, मामाच्या नावानं भाषणं नको ठेवू. भाषण कोण आयकते? त्याईचा पिच्चर लावू." मला ते पटले. काका जाता जाता म्हणाले, "अन् थो पोरगा येऊन राह्यला म्हणतेत ना मामा, थे बराबर तसंच म्हणजो बरं. साऱ्याईले पाठ हाये थे."

म्हणजे माझ्यापुढे दोन वाक्ये आहेत. तुमचे वाक्य म्हटले, तर विहार सुखावेल, आणि पहिल्या रांगेतली एक मुलगी तेच शब्द ऐकेल, ज्यांच्यावर भिस्त ठेवून ती पाण्याचा पेला धरून बसली होती. माझे वाक्य म्हटले, तर तुमच्या आठवणीसाठी जमलेल्या गावासमोर मी तुम्हाला खोटे पाडीन. तुमच्या जिवंतपणी मी ते हौसेने केले असते. आता तुम्ही उलट उत्तर देणार नाही, म्हणून ते भयंकर वाटते.

तुम्हाला मी एकदा विचारले होते, की इतकी वर्षे गाडी चालवताना कधी भीती वाटली नाही का. तुम्ही भुईमुगाच्या शेंगा फोडत होता. "वाटे ना. रोज वाटे. मांगं सारी गाडी घोरून राह्यली, अन् तिचा भरोसा माह्या एका पायावर. भीती नाही वाटन तं काय वाटन?" मी हे इतक्या साधेपणाने कोणाकडून ऐकले नव्हते. मला विज्ञान शाखेसाठी शहरात वसतिगृहात ठेवायचे ठरले, तेव्हा बाबा बावरले होते, रोज नवे कारण काढत होते. तुम्ही त्यांना समजावले नाही, त्यांची भीती खोटी ठरवली नाही. "घाबरा तुमी. पण धाडा तिले," एवढेच म्हणालात. माझे जे काही झाले, ते त्या एका वाक्यानंतर झाले. हे मी तुम्हाला कधी सांगितले नाही. तुमच्याशी भांडण्यात इतकी मजा येई, की आभार मानायला सवडच झाली नाही.

आज रात्री जेवणे झाल्यावर मी लॅपटॉप उघडून उद्याची तालीम करत बसले. आवाज बंद ठेवला होता. शेवटचे दृश्य आले आणि पाठीमागे मैत्री उभी असल्याचे मला श्वासावरून कळले. ती बाजेवर चढून माझ्या शेजारी बसली.

"आत्या, उद्या थो पोरगा येईन काय?"

मी चित्र थांबवले. मुलगा क्रेटवर बसलेला. मला खरोखरच वाटले, की पुढचा शब्द उच्चारला तर हिच्या आत काहीतरी कायमचे मोडेल, आणि ते मोडण्याचा आवाज मला ऐकू येईल.

"नाही," मी म्हटले. "तो येत नाही. पूल तुटला."

"आबा तं म्हणत होते येऊन राह्यला."

"आबा म्हणत होते. पण तो मागे राहिला."

माझ्याकडे न वळता ती म्हणाली, "अन् आबा?"

"आबा मेले, मैत्री." हा शब्द या घरात अजून कोणी वापरला नव्हता. "ते येणार नाहीत."

"मले माहीत हाये," ती म्हणाली. "मी पाह्यलं ना. त्याईच्या नाकावर माशी बसली होती. त्याईनं हाकललीच नाही." ती माझ्याकडे वळली. "मंग तुमी कोणी काहून सांगतलं नाही मले?"

"भीती वाटत होती."

"माही?"

"हो."

तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "येवढी मोठी डॉक्टरीण तू," ती म्हणाली, आणि मग तिचे ओठ वाकडे झाले, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा ती रडली. घाईघाईने, लहान मुले पडल्यावर रडतात तशी. मी तिला धरले. मामी आतून धावत आल्या, दारात थांबल्या आणि तिथेच खाली बसल्या. मैत्रीला आता सांगून झाले आहे, हे त्यांना कळले होते.

शांत झाल्यावर मैत्रीने नाक माझ्या ओढणीला पुसले आणि पडद्याकडे बोट केले. "याले कोणी सांगतलं का आत्या, का गाडी येऊन नाही राह्यली म्हणून?"

मी हा चित्रपट किती वेळा पाहिला असेल. ड्रायव्हरच्या धैर्याबद्दल, युद्धाबद्दल, तुमच्या एका शब्दाबद्दल मी तासन्‌तास बोलले आहे. हा प्रश्न मला सुचला नव्हता.

"नाही. कोणी नाही सांगितलं."

"मंग हा बसूनच राह्यन ना. अंधार पडन. तू सांग त्याले उद्या. माइकमदून सांग."

"काय सांगू?"

"गाडी नाही येत म्हणावं. उठ म्हणावं, पाय हायेत ना तुले. नदीच्या काठाकाठानं चाल. दुसरा पूल असन ना कुठी तरी."

मामा, हे वाक्य त्या चित्रपटात नाही. खाली उमटणाऱ्या इंग्रजी अक्षरांत ते कुठेही येत नाही. माझ्या नियमांप्रमाणे ही तुमच्याइतकीच भेसळ आहे, आणि यावर मी तुमच्याशी वर्षभर भांडले आहे. उद्या मी ती करणार आहे. आधी जे खरे ते सांगेन, की तो मागे राहिला. विहारात चुळबुळ होईल, काका मान वर करून पाहतील, कोणी म्हणेल, मामा असे म्हणत नव्हते. त्या चुळबुळीची मला आतापासून धडकी भरली आहे. त्यानंतर मी मैत्रीचे वाक्य म्हणेन, आणि ते पुस्तकी मराठीत नाही, आपल्या बोलीत म्हणेन.

आत्ता दोनदा म्हणून पाहिले. 'चाल' या शब्दावर आवाज फाटतो. मैत्री म्हणते, फाटू दे, पण जोरानं म्हण. थो लय दूर बसला हाये.